नालंदा : विद्यार्थ्यांच्या साक्षीने

१

प्राचीन भारतातील विद्यापीठांचा विषय निघाला की नालंदेचे नाव प्रथम घेतले जाते. मराठी अभ्यासकांनाही हा विषय परका नाही. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांचा प्राचीन भारतीय शिक्षणपद्धतीवरील ग्रंथ आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कार्य केलेल्या डॉ. हसमुख सांकळिया यांचा नालंदेवरील ग्रंथ, हे दोन्ही १९३४ साली प्रसिद्ध झाले. बिहारमधील बडगावजवळच्या टेकाडांचे उत्खनन पुरातत्त्व खात्याने १९१५ ते १९३७ आणि पुन्हा १९७४ ते १९८२ या काळात केले. त्यातून विहारांच्या ओळी, चैत्ये, मुद्रा आणि ताम्रपट उजेडात आले. पाल राजा देवपाल याने सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याच्या विनंतीवरून ५ गावे या महाविहारास दिली, हे त्यांपैकीच एका ताम्रपटावरून कळते.

अशा साधनांवरून विद्यापीठाचा इतिहास दात्यांच्या बाजूने लिहिता येतो. उपलब्ध ग्रंथांवरून तो आचार्यांच्या बाजूनेही लिहिता येतो. विद्यार्थ्यांच्या बाजूने तो लिहिणे मात्र क्वचितच शक्य होते. कारण विद्यार्थी दानपत्र करीत नाही, आणि शिकत असताना ग्रंथही लिहीत नाही. नालंदेच्या बाबतीत हा अडसर काही अंशी दूर झालेला आहे. तेथे शिकावयास आलेल्या तीन परदेशी विद्यार्थ्यांचे अनुभव लेखनिविष्ट झाले आणि टिकले. पहिला चिनी भिक्षू ह्युएन त्संग, तो इ. स. ६३७ च्या सुमारास नालंदेस पोहोचला. दुसरा इत्सिंग, तो सुमारे ६७५ ते ६८५ अशी दहा वर्षे तेथे राहिला. तिसरा तिबेटी भाषांतरकार छाग लोचावा, म्हणजेच धर्मस्वामी. त्याचे मगधातील वास्तव्य १२३४ ते १२३६ या वर्षांतील आहे. म्हणजे पहिल्या दोघांनी नालंदेचा भरभराटीचा काळ पाहिला आणि तिसऱ्याने तिची अखेर पाहिली.

नालंदेतील शिक्षण प्रत्यक्षात कसे चाले, विद्यार्थ्याचा दिवस कसा जाई, आणि या संस्थेचे खरे सामर्थ्य कशात होते, या प्रश्नांचा विचार या तिघांच्या साक्षीवरून येथे करावयाचा आहे.

२

साक्ष तपासताना साक्षीदाराने काय पाहिले आणि काय ऐकले, हा भेद प्रथम करावा लागतो. नालंदेत १०,००० विद्यार्थी होते, हे विधान पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून नित्य ऐकावयास मिळते. ह्युएन त्संगचा शिष्य हुई-ली याने लिहिलेले आणि गुरूच्या निधनानंतर ६८८ साली पुरे झालेले जे चरित्र आहे, त्यात हा आकडा येतो. आणि तेथेही तो रहिवासी भिक्षू व पाहुणे मिळून दिलेला आहे. स्वतः ह्युएन त्संगने स्वदेशी परतल्यावर ६४६ साली जो प्रवासवृत्तान्त सिद्ध करविला, त्यात भिक्षूंची संख्या केवळ ‘काही सहस्र’ एवढीच सांगितली आहे. इत्सिंग तेथे दहा वर्षे राहिला. तो रहिवाशांची संख्या ३,००० हून अधिक, आणि अन्यत्र ३,५०० देतो. आठ शाळा व ३०० खोल्या मोजतो. जो साक्षीदार खोल्या मोजतो त्याची माणसांची मोजणीही अधिक विश्वासार्ह मानावी लागते. शिवाय गुरुभक्तीने लिहिलेल्या चरित्रातील आकडे नेहमीच काही हात राखून घ्यावयाचे असतात.

हीच कसोटी उलट बाजूनेही लावली पाहिजे. इत्सिंगची प्रत्येक गोष्ट खरी असे नाही. ‘वाक्यपदीय’कार भर्तृहरी आपल्या लेखनापूर्वी चाळीस वर्षांखाली वारला, तो सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा पुन्हा संसारात परतला, अशी कथा तो देतो. वाक्यपदीयातील कारिका दिङ्नागाच्या ग्रंथात आढळत असल्यामुळे भर्तृहरीचा काळ पाचव्या शतकाच्या आसपास नेणे भाग आहे, आणि म्हणून इत्सिंगचे हे कालकथन आज कोणी स्वीकारीत नाही. परंतु चूक झाली ती ऐकीव गोष्टीत. खोल्यांची वाटणी, स्नानाची घंटा, पाठांतराचा क्रम या त्याच्या रोजच्या अनुभवाच्या गोष्टी होत. तेथे त्याच्या शब्दावर विसंबण्यास प्रत्यवाय नाही. तात्पर्य, नालंदेचा मोठेपणा १०,००० या आकड्यावर उभा करू जाणे हे कच्च्या पायावर इमारत बांधण्यासारखे आहे. त्या आकड्याची गरजही नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३

नालंदेच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच विद्यार्थ्याचे शिक्षण सुरू झालेले असे. इत्सिंग ६७१ मध्ये कँटनहून समुद्रमार्गे निघाला. पण तो थेट मगधात आला नाही. सुमात्रा बेटावरील श्रीविजय येथे तो सहा महिने थांबला आणि तेथे त्याने शब्दविद्येस, म्हणजे संस्कृत व्याकरणास, आरंभ केला. ६७३ मध्ये तो ताम्रलिप्तीच्या बंदरात उतरला. तेथेही त्याने सुमारे एक वर्ष संस्कृतच्या अभ्यासात घालविले. ज्याच्यापाशी तो शिकला तो ह्युएन त्संगचाच एक शिष्य होता. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या देशबांधवांना इत्सिंगने पुढे सल्ला दिला की, त्यांनी श्रीविजयात एक-दोन वर्षे राहून अभ्यास करावा आणि मगच मध्यदेशात जावे. या सल्ल्यामागे अनुभव होता. भाषा न येता विद्यापीठात जाऊन बसणे म्हणजे काय, हे त्याला कळले होते.

भाषेची ही पूर्वतयारी परदेशी माणसासच करावी लागे असे मात्र नाही. नालंदेतील संस्कृत ही कोणाचीच घरची बोली नव्हती. शीलभद्राचार्य मूळचे पूर्वेकडील समतटाचे. त्यांचे गुरू धर्मपाल दक्षिणेतील कांचीचे. अशा भिन्न भाषिक प्रदेशांतून आलेली माणसे ज्या भाषेत एकमेकांशी वाद घालीत ती प्रत्येकाने कष्टाने मिळविलेली होती. यामुळे चिनी विद्यार्थी आणि समतटाचा विद्यार्थी यांच्यातील अंतर आज वाटते त्याहून पुष्कळच कमी होते. एकाचा प्रवास लांबचा, दुसऱ्याचा जवळचा, इतकेच. ह्युएन त्संग किंवा इत्सिंग तेथील वादसभांत बरोबरीच्या नात्याने कसे उभे राहू शकले, याचा उलगडा बऱ्याच अंशी या भाषिक परिस्थितीत सापडतो.

दारातील परीक्षेचे वर्णन ह्युएन त्संगने केले आहे. चर्चेत भाग घेण्याच्या इच्छेने बाहेरून येणाऱ्यास द्वारपाल अवघड प्रश्न विचारी, आणि अनेकांना उत्तरे न देता आल्यामुळे माघारी फिरावे लागे. जुन्या आणि नव्या शास्त्रांत मुरलेल्यांनाच आत जाता येई. जे आत जात त्यांतीलही दहांपैकी सात-आठ पुढील चर्चेत निष्प्रभ ठरत. याच ठिकाणी त्याने आणखी एक गोष्ट सहज नोंदली आहे. नालंदेचे विद्यार्थी नसतानाही काही लोक ते नाव सांगत गावोगाव हिंडत आणि सन्मान पदरात पाडून घेत. संस्थेच्या कीर्तीचा याहून अधिक निःसंशय पुरावा क्वचितच सापडेल. खोटे नाणे पाडले जाते ते चालणाऱ्या नाण्याचेच.

४

आत येणाऱ्याने त्यापूर्वी काय शिकलेले असे, याचा सविस्तर तक्ता इत्सिंगने दिला आहे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्याच्या ग्रंथातील हे प्रकरण सर्वांत मोलाचे आहे. मुलाने सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ म्हणजे वर्णमाला व जोडाक्षरे घ्यावयाची आणि सहा महिन्यांत पुरी करावयाची. आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे. ती आठ महिन्यांत मुखोद्गत होत. त्याबरोबर धातुपाठ. दहाव्या वर्षापासून तीन ‘खिल’, त्यांस तीन वर्षे. पंधराव्या वर्षी जयादित्याची सूत्रवृत्ती, तिला पाच वर्षे. ही वृत्ती म्हणजे काशिका होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानंतर पतंजलीचे महाभाष्य, ज्याला इत्सिंग ‘चूर्णी’ म्हणतो. प्रौढ विद्यार्थ्यासही त्यास तीन वर्षे लागत. पुढे भर्तृहरीचे ग्रंथ.

या क्रमात एक तत्त्व स्पष्ट दिसते : पाठ आधी, अर्थ नंतर. आठ वर्षांच्या मुलाला सूत्र पाठ असे, पण त्याचा उलगडा त्याला पंधराव्या वर्षानंतर होई. आजच्या शिक्षणशास्त्राला हा क्रम रुचणार नाही. तथापि पाणिनीच्या सूत्रांची रचनाच अशी आहे की, एका सूत्राचा अर्थ लावण्यास मागील अनुवृत्ती आणि पुढील अपवाद एकाच वेळी मनासमोर असावे लागतात. ज्याला संपूर्ण अष्टाध्यायी पाठ नाही त्याला तिचे एक पानही नीट समजत नाही. तेव्हा पाठांतर हा येथे समजुतीचा शत्रू नसून तिची पूर्वअट होता. वारंवार घोकून बुद्धी तल्लख करण्याच्या ज्या रीती भारतात होत्या त्यांचे इत्सिंगला मोठे नवल वाटले. दहा दिवस किंवा महिनाभर तसा अभ्यास केला की विचार झऱ्यासारखे वाहू लागतात आणि एकदा ऐकलेले पुन्हा विचारावे लागत नाही, असे सांगून, अशी माणसे आपण स्वतः भेटलो आहोत, असेही त्याने लिहिले आहे.

चीनमधून येणाऱ्यांना त्याने बजावले आहे की, प्रथम ही सूत्रवृत्ती शिकावी. नाहीतर बाकीचे सर्व श्रम वाया जातील. ह्युएन त्संगच्या चरित्रातही याच शिस्तीचे पडसाद आहेत. हुई-लीने तेथे संस्कृत व्याकरणाचा एक छोटा परिचय घातला आहे. त्यात ‘भू’ धातूची रूपे दोन पदे, तीन पुरुष आणि तीन वचने मिळून अठरा, आणि ‘पुरुष’ शब्दाची आठ विभक्तींतील चोवीस रूपे मांडून दाखविली आहेत. चीनच्या भाषेत नामाला विभक्ती नाही, क्रियापदाला वचन नाही. अशा भाषेच्या वाचकांसाठी ‘भवति, भवतः, भवन्ति’ हा क्रम चिनी लिपीत उतरविला गेला, तेव्हा परक्या व्याकरणाची एक संपूर्ण कल्पनाच त्या भाषेत नव्याने घडवावी लागली असली पाहिजे. हे पान वाचताना विद्यार्थ्याची टिपणवही हाती आल्यासारखे वाटते.

व्याकरण झाल्यावर गद्यपद्यरचना, हेतुविद्या आणि अभिधर्मकोश यांचा अभ्यास. आणि एवढे झाल्यावर, इत्सिंग सांगतो, विद्यार्थी मध्यदेशातील नालंदेत किंवा पश्चिमेकडील वलभीत दोन-तीन वर्षे घालवीत. ज्यांच्या विद्वत्तेविषयी तेथील पंडितांची खात्री पटे त्यांचे नाव होई, ते राजसभेत जात, आणि त्यांची नावे उंच दारांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिली जात. यावरून नालंदेचे स्वरूप ध्यानात येते. ती प्राथमिक पाठशाळा नव्हती. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर ती पदव्युत्तर संस्था होती. वयाची विशी गाठलेला, व्याकरण पचविलेला विद्यार्थी तेथे वाद करण्यास आणि ऐकण्यास येई.

५

विद्यार्थ्याच्या दिवसाची चौकट पाण्याच्या घटिकायंत्राने आखलेली असे. तांब्याच्या मोठ्या पात्रात पाणी, त्यावर तळाशी सुईएवढे छिद्र असलेला तांब्याचा वाडगा. वाडगा भरून बुडाला की नगारा वाजे. पहिल्या बुडीस एक ठोका, दुसरीस दोन, तिसरीस तीन, आणि चौथीस चार ठोक्यांबरोबर शंखनाद. माध्यान्हीची खूण होण्यापूर्वी भोजन आटोपले पाहिजे, असा नियम होता. त्यानंतर जेवताना कोणी आढळल्यास त्याला विहाराबाहेर काढीत. सकाळी स्नानाची घंटा होई. परिसरात दहाहून अधिक मोठे तलाव होते. प्रत्येकजण स्नानवस्त्र घेऊन निघे; कधी शंभर, कधी हजार भिक्षू एकदम बाहेर पडत आणि चहूकडच्या तलावांकडे जात. जेवणानंतर स्नान करावयाचे नाही, भूक लागलेली असताना करावयाचे, अशीही रीत होती. सायंकाळी पूजापाठ असे. एवढी माणसे एका ठिकाणी मावणे शक्य नसल्यामुळे एक पाठक शाळेशाळेतून स्तोत्रे म्हणत फिरे. त्याच्यापुढे धूप व फुले घेतलेले सेवक आणि मुले चालत, आणि दिवेलागणीस ही फेरी पुरी होई.

खोल्यांची वाटणी दरवर्षी वर्षावासापूर्वी नव्याने होत असे. ज्येष्ठांना चांगल्या खोल्या, आणि मग क्रमाने खालपर्यंत. इत्सिंग या प्रथेचे दोन लाभ सांगतो : ‘माझी खोली’ ही भावना राहत नाही, आणि खोल्यांची निगाही राखली जाते. उत्खननात जे विहार सापडले त्यांची रचना या वर्णनास पूरक आहे. मध्ये अंगण, भोवती ओसरी, ओसरीमागे लहान खोल्यांची ओळ, भिंतींत कोनाडे, अंगणात विहीर. अशा खोल्यांतून राहणाऱ्यास एकान्त मिळत असे. पण दार उघडले की तो सर्वांच्या अंगणात येई.

कारभार संघाच्या संमतीने चाले. ताम्रलिप्तीच्या विहाराविषयी इत्सिंगने लिहिले आहे की, जो भिक्षू सभेचे मत न घेता एकट्याने निर्णय करी किंवा स्वतःच्या मर्जीप्रमाणे कोणावर कृपा, कोणावर अवकृपा करी, त्याला हाकलून देत. आणि अशा माणसास ‘कुलपती’ म्हणत. घरधन्यासारखा वागणारा, हा त्या शब्दाचा तेथील निंदाव्यंजक अर्थ. हाच शब्द आज विद्यापीठाच्या सर्वोच्च पदाचे नाव होऊन बसला आहे. अर्थान्तराच्या अभ्यासकास हे उदाहरण टिपून ठेवण्याजोगे वाटेल.

सर्वच विद्यार्थी भिक्षू नव्हते. पुढे प्रव्रज्या घेण्याच्या हेतूने बौद्ध ग्रंथ शिकणारे ते ‘माणव’, आणि प्रव्रज्येचा विचार नसताना केवळ लौकिक विद्येसाठी येणारे ते ‘ब्रह्मचारी’, असे दोन वर्ग इत्सिंग सांगतो. दोघांनाही आपला खर्च स्वतः करावा लागे. संघाचे काही काम केले तरच संघाचे अन्न. याउलट ह्युएन त्संगसारख्या मान्यवर अतिथीस रोज एक माप महाशाली तांदूळ, विड्याचे साहित्य, जायफळे व कापूर मिळे. बाहेर जावयाचे झाल्यास हत्ती मिळे. एकाच परिसरात या दोन्ही तऱ्हा नांदत होत्या, हे विसरून नालंदेतील सर्व शिक्षण सर्वांना विनामूल्य होते असे म्हणणे सयुक्तिक ठरणार नाही.

६

अध्यापनाचे दोन प्रकार होते. पहिला जाहीर व्याख्यानांचा. चरित्रात म्हटल्याप्रमाणे रोज सुमारे शंभर व्यासपीठांवरून प्रवचने होत. शीलभद्राचार्यांनी ह्युएन त्संगसाठी योगाचारभूमीचे जे विवरण केले ते पंधरा महिने चालले, आणि तो ग्रंथ त्याने एकंदर तीन वेळा ऐकला. दुसरा प्रकार खाजगी पाठाचा. शिष्याने रात्रीच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी गुरूकडे जावयाचे. गुरू त्याला आरामात बसावयास सांगे, त्याच्या कुवतीप्रमाणे उतारा निवडून समजावून देई आणि त्याच्या आचरणाचीही चौकशी करी. शिष्य गुरूचे अंग रगडी, वस्त्रांच्या घड्या घाली, झाडलोट करी. शिष्य आजारी पडला म्हणजे मात्र गुरू त्याची शुश्रूषा करी, औषध आणून देई, पोटच्या मुलाप्रमाणे त्याला जपे. सेवा एकतर्फी नव्हती, हे इत्सिंगने आवर्जून नोंदले आहे.

या दोहोंच्या बरोबरीने, किंबहुना त्यांहूनही अधिक, विद्यार्थी शिके तो वादातून. प्रश्नोत्तरांस दिवस पुरत नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत चर्चा चालते, थोर आणि लहान एकमेकांस सुधारतात, असे ह्युएन त्संग म्हणतो. या वादांतील एक प्रसंग चरित्रात आला आहे. एका लोकायतिक ब्राह्मणाने चाळीस सिद्धान्त लिहून दारावर टांगले आणि कोणी त्यांचे खंडन केल्यास आपले शिर देण्याचे पण लावले. ह्युएन त्संगने त्याला हरविले, पण शिर न घेता त्याला आपला सेवक करून घेतले. थोड्याच दिवसांनी ह्युएन त्संगला महायानाचे खंडन करणारा ७०० श्लोकांचा एक हीनयानी ग्रंथ अभ्यासावयाचा होता, आणि त्यातील काही स्थळे त्याला उलगडत नव्हती. त्या ब्राह्मणाने तो ग्रंथ पाच वेळा ऐकलेला होता. सेवकाने धन्याला कसे शिकवावे, या विचाराने तो संकोचला. मग, सेवकापाशी शिकल्याचे कोणाच्या कानी जाऊन धन्याला कमीपणा येऊ नये, म्हणून पाठ रात्री घ्यावा, असे त्यानेच सुचविले. त्याप्रमाणे रात्री पाठ झाला. ह्युएन त्संगने पुढे त्या ग्रंथाचे खंडन लिहिले आणि ब्राह्मणास मुक्त केले.

चरित्रकाराने ही कथा गुरूच्या विजयाची म्हणून सांगितली आहे. परंतु तिच्यातून निष्पन्न होणारी गोष्ट निराळी आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच तोंडून पुरते समजून घेतल्यावाचून त्याचे खंडन करावयाचे नाही, हा नालंदेच्या विद्येचा नियम होता. आणि तो पाळण्यासाठी हरलेल्या माणसासमोरही विद्यार्थी म्हणून बसण्यास तेथील एक अग्रगण्य पंडित तयार झाला.

७

यशस्वी होऊन परतलेल्यांच्या वृत्तान्तांवरून विद्यार्थिजीवनाचे चित्र काढताना, जे परतले नाहीत त्यांचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. ती सोयही इत्सिंगने करून ठेवली आहे. धर्मशोधार्थ पश्चिमेकडे गेलेल्या ५६ भिक्षूंची चरित्रे त्याने लिहिली. त्यांतील कित्येक वाटेत, समुद्रात किंवा परमुलखात निवर्तले. नालंदेत चिनी ग्रंथ तपासत असता त्याला एका प्रतीच्या शेवटी एक ओळ आढळली : दंतकाष्ठाच्या वृक्षाखाली बसून सिल्ला देशाच्या, म्हणजे आजच्या कोरियातील, ह्वुई-ये नावाच्या भिक्षूने ही नोंद केली होती. चौकशी केल्यावर कळले की, तो भिक्षू साठीच्या आसपास तेथेच वारला, आणि त्याने उतरलेले संस्कृत ग्रंथ नालंदेतच राहिले. एका विद्यार्थ्याच्या आयुष्याची निशाणी म्हणून एवढी एक ओळ उरली, आणि तीही दुसऱ्या विद्यार्थ्याने वाचली म्हणून.

परतलेल्यांचेही नाते तुटत नव्हते. ह्युएन त्संग ६४५ मध्ये चीनच्या राजधानीत पोहोचला. त्यानंतर काही वर्षांनी मगधातून त्याला पत्रे आली. सोबत भेट म्हणून शुभ्र वस्त्रे होती. लिहिणाऱ्यांत शीलभद्राचार्यांचा शिष्य ज्ञानप्रभ होता, आणि पूर्वी वादात ह्युएन त्संगच्या विरुद्ध बाजूस उभा राहिलेला महाबोधी विहाराचा प्रज्ञादेवही होता. ६५४ मध्ये ह्युएन त्संगने उत्तरे धाडली. त्यांत आचार्यांच्या निधनाबद्दल शोक आहे; आपण कोणकोणत्या ग्रंथांची भाषांतरे केली याचा वृत्तान्त आहे; आणि सिंधू नदी ओलांडताना जे ग्रंथ वाहून गेले त्यांची यादी देऊन, जमल्यास त्यांच्या प्रती पाठवाव्यात, अशी विनंती आहे. परत गेल्यावर दहा वर्षांनी विद्यार्थी आपल्या विद्यापीठाकडे हरवलेली पुस्तके मागतो, यातच त्या नात्याचे स्वरूप प्रकट होते.

८

तिसरी साक्ष साडेपाच शतकांनंतरची आहे. धर्मस्वामीचा जीवनवृत्तान्त जॉर्ज रोरिक यांनी भाषांतरित केला आणि डॉ. अळतेकरांच्या प्रस्तावनेसह तो १९५९ मध्ये पाटण्याहून प्रसिद्ध झाला. बाराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या तुर्की आक्रमणानंतर नालंदेत काहीच उरले नव्हते, हा समज या वृत्तान्तामुळे दुरुस्त करावा लागला. धर्मस्वामी तेथे आला तेव्हा बहुतेक इमारती ओस होत्या आणि त्यांची निगा राखणारे कोणी नव्हते. दोन विहार तेवढे वापरण्याजोगे होते. तरीही नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र नावाचे आचार्य सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना संस्कृत व्याकरण शिकवीत होते. त्यांच्या उदरनिर्वाहाचा भार जयदेव नावाचा एक ब्राह्मण उपासक वाहत असे.

जयदेवाला ओदंतपुरीच्या ठाण्यात सैनिकांनी कैद केले. सैन्य नालंदेवर येत असल्याची वार्ता त्याने तेथून गुप्तपणे पोहोचविली. विद्यार्थी पांगले. आपण नव्वदीपार गेलेलो, आता कोठे जाणार, म्हणून वृद्ध आचार्य जागचे हलेनात. तेव्हा धर्मस्वामीने त्यांना पाठीवर घेतले, थोडे तांदूळ, साखर व काही ग्रंथ बरोबर घेतले, आणि नैऋत्येकडील ज्ञाननाथाच्या देवळात दोघे लपून राहिले. सुमारे ३०० सैनिक आले, कोणी न सापडल्यामुळे निघून गेले. आणि गुरुशिष्य परत नालंदेत आले. पाठ पुढे चालू झाला.

ज्या व्याकरणाच्या अभ्यासाची इत्सिंगने सातव्या शतकात तरफदारी केली तोच अभ्यास तेराव्या शतकात, छप्पर गळत असता आणि शिपाई दारात असता, चालू होता. आणि शिष्याची जी शुश्रूषा गुरू करीत असे तिची परतफेड शिष्याच्या पाठीवरून झाली. गावांची उत्पन्ने गेली, राजाश्रय नाममात्र उरला, इमारती पडल्या. पण एक आचार्य, एक शास्त्र आणि ते शिकण्यासाठी हिमालय ओलांडून आलेला विद्यार्थी, एवढे होते तोवर नालंदा होती असेच म्हणावे लागेल.

९

या साक्षींच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिघेही भिक्षू, तिघेही परदेशी, आणि तिघेही आपापल्या देशात पुढे मान्यता पावलेले. स्वतःचा खर्च करून शिकणाऱ्या माणवांचे आणि ब्रह्मचाऱ्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. दारातून परत गेलेल्यांनी काही लिहून ठेवले नाही. सहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत केवळ व्याकरणात रमण्याइतकी सवड ज्यांच्या घरी नव्हती, ते त्या दारापर्यंतही आले नसतील. आणि चरित्रात ज्या २०० कुटुंबांचा उल्लेख आहे, जी रोज तांदूळ, तूप आणि दूध पोहोचवीत, त्यांना त्या तलावांतील स्नान आणि ते शंखनाद कसे वाटत असतील, हे सांगणारा साक्षीदार कोणी नाही. विद्यापीठाचा गौरव करताना त्याच्या पाठीमागच्या या मूक श्रमाची नोंद सुटू नये.

तथापि जे सांगितले गेले आहे त्यावरून एक निष्कर्ष निःसंकोचपणे काढता येतो. नालंदेच्या विद्यार्थ्यांनी आठवणीत ठेवले ते विहारांचे मजले नव्हेत. मजल्यांची उंची प्रवाशासही दिसते. त्यांनी टिपले ते शिकण्याचे क्रम, वेळेची शिस्त, वादाची रीत आणि गुरूची माया. प्रवेशापूर्वीच पक्की केलेली भाषा, प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकण्याची सक्ती, आणि गुरुशिष्यांनी परस्परांची घेतलेली काळजी, या तीन गोष्टी ३,००० विद्यार्थी असताना होत्या आणि ७० असतानाही होत्या. राजगीर येथे २०१४ पासून नव्या विद्यापीठाचे अध्यापन सुरू झाले आहे, आणि २०१६ मध्ये जुन्या अवशेषांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. या दोन्ही घटना आनंदाच्या होत. परंतु वारसा विटांचा सांगावयाचा की या तीन गोष्टींचा, हे ठरविणे पुरातत्त्व खात्याच्या हाती नाही. ज्या ज्या अभ्यासिकेत आज एखादा विद्यार्थी आपल्या विरोधी मताचा ग्रंथ उघडून प्रथम तो समजून घेतो, तेथे त्याचे उत्तर दिले जात असते.